घर विकायचंय, पण आईचा पाय निघत नाही

प्रश्न : जळगावला महाबळ भागात आमचं घर आहे. बाबांनी १९९४ मध्ये प्लॉट घेऊन बांधलेलं. खाली तीन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. मी पुण्यात असते, भाऊ नाशिकला. आईचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, म्हणून ती माझ्याकडे यायला तयार झाली आणि घर विकायचं ठरलं. वर्षभरात बारा-तेरा गिऱ्हाइकं येऊन गेली, पण दुसऱ्यांदा कुणी फिरकलं नाही. भाऊ म्हणतो, चार लाख घालून फॉल्स सीलिंग आणि मॉड्युलर किचन करू, मग भाव येईल. एजंट म्हणतो, नुसता रंग मारा. हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, ती दिसू नये म्हणून तिथे लाकडी पॅनेल लावा, असंही त्याने सुचवलंय. पोर्चमध्ये बाबांची स्कूटर तशीच उभी आहे. आई एक डबासुद्धा हलवू देत नाही. विषय काढला की तिचे डोळे भरून येतात. आम्ही नेमकं काय करावं?
– एक लेक, पुणे

उत्तर : ताई, आधी पॅनेलचं बोलते. ते लावू नका.

आमचं अमळनेरचं घर २०११ मध्ये विकायला काढलं, तेव्हा हाच मोह मला झाला होता. मागच्या खोलीच्या भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा क्षार, चढलेला. ऐन श्रावणात पेंटर लावला, वरवर खरवडून लांबी (पुट्टी) भरली आणि गुलाबी डिस्टेंपर मारून घेतला. चार दिवस भिंत छान दिसली. मग पारोळ्याकडचं एक शेतकरी कुटुंब घर बघायला आलं, सोबत त्यांचे वयस्कर काका. काकांनी बाकी काही न बघता त्या भिंतीपाशी उकिडवं बसून तिच्यावर तळहात ठेवला. मग नखाने कडेला हलकेच उचकटलं. तळहाताएवढा पापुद्रा निघून आला, आणि मागे ओलसर, मिठासारखी पांढरी भुकटी. काका काहीच बोलले नाहीत. हात झटकून उठले, चहा घेतला आणि सगळे निघून गेले. लोणा लागलेली भिंत त्यांनी काही पहिल्यांदा पाहिली नव्हती. पण इथे हे झाकलंय तर आणखी कुठे काय झाकलं असेल, हा विचार मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. ते घर पुढे आठ महिने पडून राहिलं.

आणि हा नुसता शोभेचा प्रश्न नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने स्वतःहून सांगायचा असतो. पॅनेलच्या मागे लपवलेली ओल म्हणजे नेमका असाच दोष. उद्या त्यावरून वाद निघाला तर एजंट बाजूला होईल आणि खरेदीखतावर सही असलेली तुमची आई पुढे येईल.

तेव्हा ओल बरी करा. त्यासाठी आधी ती येते कुठून ते बघावं लागेल, आणि ते घरात बसूनही बरंचसं कळतं. डाग छताकडून खाली उतरत असेल तर दोष गच्चीत. जमिनीकडून वर चढत असेल तर पायाकडून पाणी ओढलं जातंय. खिडकीच्या आजूबाजूला ठिपका धरला असेल तर भिंतीची चीर, छज्जा किंवा खिडकीतला कूलर बघायचा. आणि भर उन्हाळ्यातही भिंत सुकत नसेल तर आतला नळ गळतोय असं समजा. तुमची भिंत पश्चिमेची आहे. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात हीच भिंत दुपारभर तापते, गिलावा तडकतो, आणि पावसाळ्यात वाऱ्याचा झोत येतो तोही नैर्ऋत्येकडूनच. त्या बारीक चिरांतून पाणी आत शिरतं. माझा पहिला संशय या चिरांवर आहे, दुसरा गच्चीवर.

गच्चीची परीक्षा सोपी आहे. पाणी जायचा पाइप कापडाचा बोळा घालून बंद करायचा, गच्चीवर दोन इंच पाणी साठवायचं आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. खालच्या छतावर जिथे ओल दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवायची. टँकर मागवावा लागला तरी मागवा, हा खर्च वाया जात नाही. तीस वर्षांपूर्वीचा विटांचा कोबा असेल तर तो बहुधा कठड्याच्या कडेने सुटलेला असतो. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथला वाटा, म्हणजे सांध्यावरची सिमेंटची गोलाई, नव्याने करून घ्या, चिरा कापून भरून घ्या, उतार पाइपाकडे आहे ना ते मिस्त्रीसमोर एक बादली ओतून बघा. वरून पांढरा उष्णतारोधक थर दिला तर खालच्या खोल्या उन्हाळ्यात जाणवण्याइतक्या थंड राहतात. जळगावात घर घेणाऱ्याला ही गोष्ट इटालियन मार्बलपेक्षा जास्त पटते.

हे काम चैत्र-वैशाखात, गच्ची हाडासारखी कोरडी असताना करा. बाहेरून पश्चिमेच्या भिंतीच्या चिराही तेव्हाच भरून घ्या. आतल्या भिंतीला मात्र लगेच रंग लावू नका. सुटलेला गिलावा आणि लोणा खरवडून भिंत उघडी ठेवा, तिला श्वास घेऊ द्या. मृगाचे, आर्द्राचे चार दणदणीत पाऊस जाऊ द्या. भिंत कोरडी राहिली तर भादव्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात प्राइमर, पुट्टी आणि रंग. घाई केली तर पुट्टीखालची ओल रंगाला फोड आणते, मी ते पाहिलंय. रंग लावण्याआधी उघड्या भिंतीचे, गच्चीच्या कामाचे फोटो काढून ठेवा, मिस्त्रीच्या बिलासकट. गिऱ्हाईक आलं की तुम्हीच सांगा : ‘इथे ओल येत होती, हे काम केलं, यंदाचा पावसाळा कोरडा गेला.’ तेरा गिऱ्हाइकं परत का आली नाहीत हे मला दुरून नेमकं कसं सांगता येणार? पण ओलीचा वास माणसाला दारातच कळतो, तो पॅनेलनेही जात नाही.

पितृपक्षात आपल्याकडे कुणी घर बघत नाही, ते पंधरा दिवस रंगाला वापरा. घटस्थापनेपासून दाखवायला काढा. दसरा ते दिवाळी पाडवा लोकांना मुहूर्त असतो, आणि त्याच सुमारास कापूस घरी यायला लागतो. यावल, चोपडा, धरणगावकडची कितीतरी कुटुंबं मुलांच्या शिक्षणासाठी जळगावात घर बघतात ती पीक हाती आल्यावरच. तुमचं घर त्यांच्यासाठी आहे.

म्हणूनच भावाच्या चार लाखांना मी नाही म्हणेन. तीस वर्षांच्या बंगल्यात घेणारा पैसे मोजतो ते प्लॉटचे, रस्त्याचे, पाण्याचे आणि मजबूत बांधकामाचे. किचन तो त्याच्या बायकोच्या पसंतीने करणार, तुमचं नवंकोरं फोडूनसुद्धा. फॉल्स सीलिंग तर अशा घरात उलटं पडतं. जुन्या घराचा स्लॅब नजरेला पडावा लागतो, तो झाकला की मिस्त्री घेऊन आलेल्या माणसाच्या मनात पाल चुकचुकते. भावाचा हेतू चांगला आहे, घराला मान मिळावा असंच त्याला वाटतंय. त्याला गच्चीचं काम अंगावर घ्यायला सांगा. नाशिकहून दोन शनिवार-रविवार येऊन तो ते उभं राहून करून घेऊ शकतो.

पैसे लावायचेच तर मोझॅक टाइल्सला मशीन पॉलिश करून घ्या. १९९४ ची मोझॅक फरशी पॉलिशनंतर अशी काही उजळते की आईसुद्धा थबकेल. नवी फरशी घालू नका. विजेचे जुने, पिवळे पडलेले बोर्ड बदला, एखाद्या जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. दरवाजे कुरकुरतात का, कडी नीट बसते का, फाटक एका हाताने उघडतं का, एवढं बघा. छताला पांढरा आणि भिंतींना फिकट रंग द्या, सगळ्या खोल्यांना एकच. प्रत्येक खोलीला वेगळा रंग असला की घर तुकड्यातुकड्यांनी लहान दिसतं.

आता कूलर. खानदेशातल्या घराची अर्धी कळा कूलरने जाते आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. खिडकीत वर्षानुवर्षं बसलेल्या कूलरखाली गंजाचे ओघळ असतात, बोअरच्या पाण्याच्या क्षारांचे पांढरे थर असतात, आतल्या गवताला शेवाळाचा कुबट वास असतो. शिवाय तो खिडकीच अडवतो. सीझन संपला की तो उतरवा, गवत टाकून द्या, खिडकी आतून-बाहेरून धुऊन काढा. पश्चिमेच्या भिंतीतच तुमचा कूलर असेल तर ओलीचं एक कारण तिथेच सापडू शकेल. बाथरूमच्या नळांवरचे आणि टाइल्सवरचे पांढरे डाग लिंबूसत्वाच्या पाण्याने निघतात, थोडा वेळ ते लावून ठेवायचं. अ‍ॅसिड मोझॅकवर सांडू देऊ नका, फरशी कायमची मेलेली दिसते. आणि अ‍ॅसिड व ब्लिचिंग कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

पाणी तर दाखवायचीच गोष्ट आहे. जळगावात वाघूर धरणाचं पाणी येतं, पण नळ रोज येत नाही हे घेणाऱ्याला ठाऊक असतं. तो नक्की विचारणार, हौद केवढा? बहुतेक घरमालक ‘मोठा आहे’ असं सांगतात. तुम्ही टेप घेऊन मोजा. सहा बाय पाच बाय पाच फुटांचा हौद असेल तर तो १५० घनफूट झाला, म्हणजे साधारण ४,२०० लिटर. हौद आणि वरची टाकी दोन्ही उपसून धुवा, झाकणं बदला, आणि ‘चार माणसांना इतके दिवस पुरतं’ हे आईला सांगू द्या. तिच्याइतकं ते कुणाला माहीत असणार?

आता आईकडे येते. खरं तर पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त तिच्यापाशीच थांबले. भाऊ, एजंट, तुम्ही, तिघंही बोलताय. ती घर सोडायला तयार झाली, पण ते रिकामं व्हायला तयार नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीला जास्त वेळ लागतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी या. एक-दोन दिवसांसाठी नको, आठवडाभराची सुट्टी काढून या. बाबांच्या नावाची घागर आई भरेल, तेव्हा तुम्ही शेजारी असा. सांजोऱ्या दोघी मिळून करा. दुसऱ्या दिवसापासून रोज एकच जागा काढायची, आणि सुरुवात माळ्यापासून. स्वयंपाकघराला शेवटी हात लावा. खाली सतरंजी अंथरून आईला खुर्चीवर बसवा, वस्तू तुम्ही उतरवा आणि तिच्या हातात द्या. खापर, पितळी घागर, बिबड्यांसाठी (ज्वारीच्या पापडांसाठी) ठेवलेल्या प्लास्टिकच्या कागदाच्या गुंडाळ्या, तुमची शाळेची दप्तरं. प्रत्येक वस्तूचं काय करायचं ते तिने सांगायचं. पुण्याला न्यायची, भाच्याला द्यायची, कामवाल्या ताईला द्यायची, की सोडायची. तुम्ही फक्त लिहून घ्या. मध्येच एखादी गोष्ट सुरू झाली तर ऐकत बसा, त्या दिवशी एकच डबा झाला तरी चालेल. मी माझ्या आईच्या बाबतीत हे केलं नाही. ती मावशीकडे गेलेली असताना दोन दिवसांत माळा साफ केला आणि भंगारवाल्याला बोलावलं. तिचा खलबत्ता त्यात गेला. नंतर तिने एकदाच विचारलं, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. तिचं ते गप्प राहणं मला अजून आठवतं.

हे रिकामं करणं घर विकण्यासाठीही लागतंच. घर बघायला आलेल्यांची सून हॉलमध्ये उभी राहून आपला सोफा कुठे बसेल ते बघते. चारी भिंतींना कपाटं लागलेली असली की तिला खोलीच दिसत नाही. निम्मं सामान गेलं की तीच खोली दीडपट वाटते. बाबांचा हार घातलेला मोठा फोटो हॉलमधून आईच्या खोलीत न्या, तिच्या पलंगासमोर. परक्या माणसाला तो दारातच दिसला की तो आवाज खाली करतो, अवघडतो, आणि कुणीकुणी तर यांना विकायची निकड आहे असा हिशोब मांडतो. देवघर मात्र जिथे आहे तिथेच शेवटपर्यंत राहू द्या. आपल्याकडे तेवणारं निरंजन बघून कुणी घर नाकारत नाही.

स्कूटरचंही तसंच. तिच्यामुळे पोर्चमध्ये गाडी मावते की नाही हे कळत नाही, म्हणून ती हलवायला हवी. पण ती विकायची, कुणाला द्यायची की भावाने नाशिकला न्यायची, हे आईने ठरवावं. कागद वारसांच्या नावावर करायला आरटीओत जावं लागेल, तेव्हा आतापासून लागा.

कागदांवरून आठवलं, घराचेच कागद आधी बघा, रंगाच्याही आधी. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि भाऊ सारखे वारस. बाबांची आई हयात असेल तर तिचाही तेवढाच वाटा. मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर, तुमच्याकडे जे असेल त्यावर, वारस नोंद झाली आहे का? घरपट्टी कुणाच्या नावावर येते? बाबांनी बांधकामाला कर्ज काढलं असेल आणि ते फिटलं असेल, तरी त्याचा बोजा उताऱ्यावर तसाच राहिलेला असतो. बँकेचा दाखला देऊन तो कमी करून घ्या. एन.ए. (बिगरशेती) आदेश, मंजूर नकाशा, मूळ खरेदीखत एका फायलीत लावा. वरची खोली नकाशात आहे की नंतर चढवली, हे तपासा. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँकेचा वकील आणि व्हॅल्युअर हेच विचारतील, आणि कितीतरी व्यवहार भाव ठरल्यावर इथे मोडतात. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस (किमतीतूनच कापून सरकारकडे भरायचा कर) कापेल, त्याने गोंधळू नका. कुणी ‘थोडे रोखीत घ्या’ म्हणेल. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. कराचं गणित सीएकडून आधीच मांडून घ्या. घर वारशाने आलंय आणि २००१ च्या आधीचं आहे, त्यामुळे विक्रीवरचा नफा मोजताना १ एप्रिल २००१ च्या बाजारमूल्याचा दाखला उपयोगी पडेल.

राहिलं घर दाखवणं. एजंट सांगेल, म्हातारं माणूस समोर नको. मी अगदी उलट सांगेन. आखाजीपासून दसऱ्यापर्यंत आईच्या हातून घर रिकामं झालेलं असेल, तर तिच्यासारखं ते कुणी दाखवू शकणार नाही. ऊन वर येण्याआधी, सकाळी दहाच्या सुमारास माणसं बोलवा. खिडक्या तासभर आधी उघडा. त्या सकाळी मिरच्यांचा ठेचा किंवा भरिताची वांगी नकोत, धुराचा वास पडद्यात बसतो. आलेल्यांना आधी पाणी. मग आईने सांगावं, मे महिन्यात रात्री वारा कुठल्या खिडकीतून येतो, कुरडया गच्चीच्या कोणत्या कोपऱ्यात लवकर वाळतात, शेजारचे कसे आहेत. किमतीची बोलणी तिच्यासमोर करू नका, त्यासाठी तुम्ही आणि भाऊ आहात, ती नंतर फोनवर. पुरुष मंडळी गच्चीवर गेली की घरातल्या बायकांना स्वयंपाकघरात जरा एकट्यांना सोडा. ओट्याची उंची, खरकट्याची मोरी, डब्यांची जागा त्यांना त्यांच्या त्यांच्या बघू द्या.

आणि अंगणात तुळस असेलच. मृगाच्या पावसाबरोबर तिच्या मंजिऱ्या चुरडून एका कुंडीत पेरा, आईच्या हाताने. दसऱ्यापर्यंत रोपं वीतभर होतील. वृंदावन घेणाऱ्यासाठी राहू द्या, कुंडी मात्र पुण्याच्या गाडीत आईच्या पायाशी ठेवा.